छत्रीचं तोंड दक्षिणेकडे

१९ नोव्हेंबर

टीव्ही पुन्हा गोठला. बातम्या सांगणारीचं तोंड अर्धं उघडं, उरलेल्या अर्ध्याचे चौकोन. ह्यांनी रिमोट मांडीवर आपटला, मग टीव्हीच्या डोक्यावर थाप मारली, मग केबलवाल्या मुन्नाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुन्ना फोन उचलत नाही. उचललाच तर म्हणतो, "भैया, लाइन पे आदमी भेजा है." तो आदमी बालाघाटात अजून कुणाच्या नजरेला पडलेला नाही.

घरात दोन पक्ष झालेत. हे आणि आमचा निखिल डिशच्या, म्हणजे गच्चीवरच्या छत्रीच्या बाजूने. निखिल नोकरीला नागपुरात, घरी येणार सणासुदीला, पण टीव्हीबद्दल सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. केबलच्या बाजूने एकट्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. तुमसरहून लग्न होऊन आले तेव्हापासून आत्याबाईच म्हणते. इथून पुढे आ.बा. लिहीन, बोटं दुखतात.

मी कोणत्याच पक्षात नाही. माझी संध्याकाळची मालिका न गोठता दिसावी, एवढंच. गेल्या आठवड्यात नायिकेच्या कानाखाली बसणार तेवढ्यात चित्र थांबलं. बसली की नाही, अजून कळलेलं नाही.

२२ नोव्हें.

निखिलचा फोन. स्पीकरवर ठेवला. "आई, डिश लगवा लो ना यार. संक्रांतीला मी येतो तवा नवा टीव्ही पण घेऊन येतो."

आ.बा. खाटेवरून, "तुह्या छत्रीवर आपल्या गावातलं मयत दिसते काय?"

"आजी, टीव्ही पे मयत कौन देखता है?"

"मी पाहतो नं."

खरंच पाहतात. केबलवर मुन्नाचं एक लोकल चॅनेल आहे. दिवसभर भजनं आणि जुन्या मिरवणुका. खाली पट्टी सरकत असते. टायरचं दुकान, कोचिंग क्लास, लग्नाचं लॉन, आणि मधेच शोक समाचार. अमुक अमुक का निधन, अंतिम यात्रा निज निवास से इतने बजे, मोक्षधाम, म्हणजे आपलं स्मशान. दुपारी जेवायच्या आधी आ.बा. ही पट्टी डोळे बारीक करून शेवटपर्यंत वाचतात. ओळखीचं नाव आलं की हुकूम सुटतो, गॅस बंद. मयत उचललं जाईपर्यंत चूल पेटवायची नाही. खेड्यात असताना आळीत कोणी गेलं तर कुठल्याच घरातून धूर निघत नसे. तो नियम त्यांनी शहरात आणला. इथे भिंतीपलीकडे कोण राहतं ते ठाऊक नसतं, म्हणून केबलची तार जिथवर जाते तिथवर त्यांचा शेजार.

कितीदा तरी अर्धा शिजलेला भात उतरवलाय मी ह्या शेजारापायी. मेलेला माणूस ह्यांच्या मावसभावाच्या साडूचा चुलता असला तरी भात कच्चाच.

२५ नोव्हें.

डिशवाला जागा बघायला आला. मीच त्याला गच्चीवर घेऊन गेले. मोबाइल आडवा धरून गोल फिरला. म्हणाला, "यहाँ बढ़िया है आंटी. छत्री का मुँह दक्खिन में रहेगा."

आ.बा. खाली अंगणात उन्हाला बसल्या होत्या. कानांनी कमी ऐकू येतं म्हणतात, पण हे बरोबर ऐकलं. "काय म्हनते? दक्षिणेकडे? यमाच्या दिशेले तोंड करून माह्या घराच्या डोस्क्यावर बसन ते? कोनाची वाट पाह्याले?"

तो हसला. "अम्मा, सबकी उधर ही है."

मी सहज पाहिलं. सगळ्या मोहल्ल्याच्या गच्च्यांवर त्या पांढऱ्या थाळ्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. इतकी वर्षं त्यांच्या मधोमध कपडे वाळत घालते आहे, कधी लक्षात आलं नव्हतं. माणसं जशी दारात जमून रस्त्याकडे बघत राहतात, कोणीतरी यायचं असलं की, तशा.

कपडे जरा दमटच होते, तरी काढून आणले.

२८ नोव्हें.

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

भात चढवला होता. बाहेरून आ.बा. ओरडल्या, "गॅस बंद कर वं! गुलाबराव कंपाउंडर गेले!" मागच्या गल्लीतले गुलाबराव. सरकारी दवाखान्यात होते, आता रिटायर. आमच्या घरातल्या सगळ्यांना त्यांच्या हातच्या सुया. "साडेतीनले काढतेत म्हने." मी हात पुसून बाहेर येईपर्यंत पट्टीवर टायर आले होते.

ह्यांनी खांद्यावर गमछा टाकला, चेहरा पाडला आणि निघाले. हे विम्याचे एजंट, मयतीला जायचा चेहरा ह्यांना सरावाने येतो. मी भात उतरवून ठेवला.

थोड्याच वेळात हे परत. चेहऱ्याचा रंग सांगता येत नाही. "अबे, तो गुलाबराव अंगनात बसून वाटाने सोलून राह्यला! मले म्हने, ये बाबू, गमछा टाकून कुकडे निंघाला? काय सांगू? मयतीले गेलो अन् चाय पिऊन आलो!"

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. ह्यांनी आ.बा.ला काय काय ऐकवलं, डोळे तपासून घे, ही केबलच बंद करतो. आ.बा. एकच म्हणत होत्या, "म्या वाचलं. गुलाबराव, रिटायर कंपाउंडर. म्या वाचलं."

भाताचा गोळा झाला. दह्याशी खाल्ला.

१ डिसेंबर

गुलाबराव गेले.

सकाळी देवपूजा केली, चहा मागितला, चहा येईस्तोवर मान टेकली म्हणे. हे पोचवायला गेले होते. ह्या खेपेला चेहरा पाडावा लागला नाही.

मयत साडेतीनला उचललं. मुलगा वाराशिवनीहून यायचा होता म्हणून तेवढा वेळ लागला. आ.बा. सकाळपासून उपाशी होत्या, पण त्या तशा असतातच.

आम्हा दोघांना साडेतीन आठवत होतं. एकमेकांकडे बघायचं टाळलं.

५ डिसें.

दुपारी कामं टाकून पट्टीपुढे बसते आहे. आ.बा. बाजूला. टायर, कोचिंग, लॉन. पुन्हा टायर. निधनाचं एकही नाही. एवढ्या मोठ्या गावात चार दिवस कोणी मेलंच नाही?

"येते कवाकवा," आ.बा. म्हणाल्या. "तू बसली की येत नाई."

हे मला आवडलं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले, आणि गेल्याचं लगेच वाईट वाटलं.

११ डिसें.

दुपारी डाळ फोडणीला टाकत होते. आ.बा. मुकाट्याने आत आल्या आणि गॅस बंद केला. मी विचारलं, कोण? "कोनी नाई. मले भूक नाई." त्यांना नाही म्हणून माझी डाळ का बंद? मी तणतणत बाहेर आले.

तेव्हा दिसलं. पट्टीच्या डाव्या टोकाला शेवटचे शब्द आत जात होते. "...निवास से मोक्षधाम जाएगी." नाव आधीच निघून गेलेलं. मी तिथेच उभी राहिले. पट्टी फिरून येते, तीच तीच येते. टायर आले. कोचिंग आलं. लॉन आलं. टायर आले.

ते परत आलंच नाही.

१२ डिसें.

चुडीवाली शांताबाई आली होती. बांगड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरते, माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या घरी येते. आ.बा. तिच्याशी दर खेपेला भांडतात. तिला पाणी दिलं तरी पेला मोजून घेतात. आज तिला खाटेवर बसवलं. खाटेवर! मला म्हणाल्या, पोळ्या कर, तूप लाव. समोर बसून तिला जेवू घातलं. पेटीतली जांभळी साडी काढून दिली, जी मी दोनदा मागितली होती आणि मला मिळाली नव्हती.

शांताबाई भांबावली. "काय झालं वं बाई आज तुले?"

"काई नाई. लई वर्षांची येतं. खाय."

ती गेल्यावर आ.बा. दारातच उभ्या राहिल्या, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मी थट्टेने म्हटलं, मलाही घाला की एकदा असं जेवायला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"नाई. तुले नाई," म्हणाल्या.

१४ डिसें.

भाजीवालीने सांगितलं. शांताबाई काल संध्याकाळी गेली. टोपली डोक्यावरून उतरवताना खाली बसली ती बसलीच. जांभळी साडी नेसून पाठवली म्हणे. नवी होती, घरात दुसरी नवी नव्हती.

भाजीचं काय घेतलं आठवत नाही. घरी पिशवीत पाहिलं तर नुसती मेथी.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकते, म्हणजे निदान कुठेतरी ठेवली जाईल.

१७ डिसें.

मुन्नाच्या केबलच्या ऑफिसात गेले. ऑफिस कसलं, जिन्याखालची खोली, तारांची भेंडोळी आणि लुकलुकणारे डबे. मुन्नाने उठून खुर्ची दिली. त्याला वाटलं तक्रार आहे, आधीच माफी मागायला लागला.

मी म्हटलं, ते शोक समाचार कोण आणून देतं तुला? आधीच कसं येतं?

"चाची, शोक समाचार? वो तो बंद है. दिवाली से भी पहले से."

"बंद?"

"अब कौन देता है? सब व्हॉट्सअ‍ॅप पे डाल देते हैं. पट्टी पे बस तीन पार्टी बची हैं. टायर, कोचिंग और लॉन." मग जरा हळू आवाजात, "क्यों चाची? किसी का देना है क्या?"

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. घरी येताना रस्ताभर वरच बघत होते. खांबाखांबावरून ती काळी तार आमच्या घराकडे चालली होती, माझ्याच चालीने.

१८ डिसें.

ह्यांना सगळं सांगितलं. गुलाबराव, शांताबाई, मुन्ना. हे आधी हसले. मग म्हणाले, "म्हातारीले भास होतेत. अन् तू तिच्या नादी लागून राह्यली." मी म्हटलं, शेवटचे शब्द मी डोळ्यांनी वाचले. तर म्हणे लॉनची जाहिरात असेल. मोक्षधाम नावाचं लॉन कुठे असतं का!

विम्याचा माणूस. मरणाचं बोलून पोट भरतो, पण ते दुसऱ्याचं असलं पाहिजे.

केबल काढा म्हटलं. आजच काढा. तर हे म्हणाले, आई रडेल. खरं होतं. कालच त्या म्हणाल्या होत्या, "हे तार कापली तं मले कसं समजन कोन गेलं? कोनाच्या मयतीले मी पोचनार नाई, तं माह्या मयतीले कोन येईन?"



२६ डिसें.

दुपारी निखिलच्या खोलीच्या गाद्या गच्चीवर टाकून खाली आले तर टीव्ही बंद. आ.बा. टीव्हीसमोर उभ्या. हातात टीव्हीची वायर, भिंतीतून उपटलेली.

"केबल कापून टाक."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आजच्या आज कापून टाक. छत्री बसव. तिकडे तोंड करून बसव, कुकडेही बसव. पन हे तार माह्या घरातून काढ."

"आत्याबाई, काय वाचलंत?"

"काई नाई वाचलं. माहे डोये गेले."

"नाव कोणाचं होतं?"

"म्हनलं नं, काई नाई वाचलं!" एवढ्या जोरात त्या कधी ओरडलेल्या नाहीत. मग खाली बसल्या, तिथेच फरशीवर, आणि पदर डोळ्यांना लावला.

बाहेरचं कोणी असतं तर गॅस बंद केला असता आणि गप्प बसल्या असत्या. शांताबाईच्या वेळी तेच केलं. तार उपटली नव्हती.

घरातलंच आहे.

२९ डिसें.

तीन दिवस त्यांच्यावर डोळा ठेवून आहे. माझा हिशेब साधा होता. शांताबाईला जेवू घातलं, साडी दिली. म्हणजे ज्याचं नाव असेल त्याचे त्या लाड करतील. बघू, कोणाचे करतात.

सकाळी ह्यांना समोर बसवून डोक्याला तेल चोळलं. मोठ्या माणसाच्या डोक्याला! हे लाजून हसत होते. दुपारी निखिलला फोन लावायला लावला, बोलत राहिल्या, बोलत राहिल्या. लहानपणी तो हट्टा गावच्या बावडीच्या पायऱ्यांवर पडला होता, त्याच्या गुडघ्याला टाके पडले होते, ती खूण अजून आहे का, विचारलं. फोन कानाला चटके देईपर्यंत बोलल्या.

मग संध्याकाळी मला बोलावलं. पेटीतून चांदीचे गोठ काढले आणि माझ्या हातात घातले. "तुहेच हायेत," म्हणाल्या.

तेव्हा समजलं. म्हातारी माझ्यापेक्षा हुशार आहे. सगळ्यांना सारखं देते आहे, म्हणजे मला ओळखता येऊ नये.

हातातले गोठ गार पडलेत. काढवतही नाहीत.

२ जानेवारी

छत्री बसली. मुन्नाच्या माणसाने केबलची तार आमच्या घरापासून कापली (हा तोच लाइनवरचा आदमी, शेवटी दिसला). कापलेलं टोक गच्चीच्या कठड्यावर लोंबकळतंय. म्हणाला, लपेटून नंतर नेतो. म्हणजे नेणार नाही.

टीव्हीवर एवढी चॅनेलं की ह्यांचा अंगठा दमला. आमच्या गावाचं एकही नाही. आम्ही कोण, कुठले, कोणालाच माहीत नाही. मला हलकं वाटलं. माझी मालिका काचेसारखी स्वच्छ दिसली. नायिकेच्या कानाखाली बसली होती म्हणे, दीड महिना झाला, ती आता सासूच्या गळ्यात पडून रडते आहे.

आ.बा.नी खाट फिरवून घेतली. टीव्हीकडे पाठ.

भांडी घासताना एकच घोळत होतं. तार कापली म्हणजे नाव पुसलं जातं का? की फक्त आपल्याला दिसत नाही?

६ जाने.

काही झालं नाही. गुलाबरावांना तीन दिवस लागले होते, शांताबाईला दोन. आता किती झाले. माझ्या जीवात थोडा जीव आला. आज स्वतःहून हसले एकदा. निखिल संक्रांतीच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला. मोटरसायकलने. मी म्हटलं, बसने ये. "आई, बच्चा हूँ क्या?"

९ जाने.

दुपारी टीव्हीवर नुसती निळी पाटी, सिग्नल नाही. हे गच्चीवर गेले आणि वरून हाक मारली. छत्रीचं तोंड फिरलेलं. पुरतं उत्तरेकडे. सगळ्या मोहल्ल्याच्या छत्र्या एकीकडे, आमची एकटीच पाठमोरी.

"बंदर," हे म्हणाले. "लंगूर आले असतीन."

माकडं अँटेना वाकवतात, पाईप मोडतात. छत्रीचा नट कोणतं माकड ढिला करतं? आणि नट कठड्यावर नीट ठेवलेला होता, कापलेल्या तारेच्या शेजारी. तारेच्या टोकाला चिंधी बांधलेली. घट्ट, दोन गाठी मारून, जखमेला बांधतात तशी. चिंधी आ.बा.च्या जुन्या पातळाची.

त्या चार वर्षांत जिना चढलेल्या नाहीत. गुडघे. मी खाली येऊन त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, तळव्यांना गच्चीचा चुना.

"आत्याबाई, वर गेल्या होत्या?"

"माह्यानं चढनं होते काय?"

मग तोंड न वळवता, "ते छत्री यमाकडे पाहून राह्यली होती. पाहून राह्यली की त्यायले रस्ता दिसते."

ह्यांना मी सांगितलं नाही. माकडंच म्हटलं.

११ जाने.

डिशवाला येऊन तोंड फिरवून गेला. दक्षिणेला, नट घट्ट. ह्यांची क्रिकेटची मॅच होती. आ.बा. खाटेवरून नुसत्या बघत होत्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ जाने.

छत्री कालच पुन्हा दक्षिणेकडे वळली. संध्याकाळी आ.बा. म्हणाल्या, "उद्या कोनी कोठी जाऊ नोको. निखिलले म्हन, दोन दिवसानं ये."

हे, "आई, संक्रांत काय दोन दिवस थांबन? अन् मले बैहरले जा लागते, विम्याची पार्टी फिक्स हाये."

"मंग जा," म्हणाल्या. आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

निखिलला मी फोन केला. काय सांगणार? थंडी आहे, धुकं आहे, नंतर ये. हसला. सुट्टी मंजूर झालेली. मी रागावले, खूप रागावले, फोनवर रडलेसुद्धा. तो घाबरला. "आई, क्या हुआ? आजी ठीक है ना?" मी म्हटलं ठीक आहे. आणखी काय म्हणणार होते.

१३ जाने.

हे सकाळी जीपने बैहरला गेले. निखिल नागपूरहून निघाल्याचा मेसेज. मी तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक ठेवला होता. पाक गोळीबंद व्हायला आलेला, तेवढ्यात आ.बा. आत आल्या. गॅस बंद केला. नुसता बंद नाही, वाकून सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढला आणि मुठीत घेऊन चुलीपुढे पाट टाकून बसल्या.

"कोणासाठी?" मी विचारलं.

त्यांनी पाट चुलीला आणखी चिकटवला.

मी खाली बसले. त्यांचे दोन्ही हात धरले. "आत्याबाई, तुमच्या पाया पडते. सांगा. निखिल आहे का? हे आहेत का?"

त्यांनी मान हलवली, पण ती हो की नाही तेच समजेना. म्हातारपणी मान तशीही हलते.

"मी आहे का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या हातातल्या गोठांवर बोट फिरवलं. मला वाटलं, असू दे. मीच असू दे. खरंच वाटलं, देवाशप्पथ, आणि त्याच क्षणी वाटलं, मी नको. दोन्ही खरं आहे.

ह्यांना फोन लावला. उचलला. बैहरात, काम झालं, जीप निघतेच आहे. "काहून? काय झालं?" निखिलला लावला. वाजला, वाजला, नाही उचलला. पुन्हा लावला. उचलला! राजेगावला चहा प्यायला थांबलाय. "बस आई, आ गया. घर में क्या बन रहा है?"

मी म्हटलं लाडू.

मग मी गच्चीवर गेले. का गेले विचारू नये. पान्हा घेऊन गेले. नट निघेना, हाताची साल निघाली. शेवटी दोन्ही हातांनी त्या छत्रीची कड धरून असा जोर लावला की खालचा पाईपच फिरला. तोंड उत्तरेकडे केलं. आजूबाजूच्या गच्च्यांवरच्या सगळ्या तिकडेच बघत होत्या, दक्षिणेकडे. शेजारची सून कपडे टाकता टाकता माझ्याकडे बघत राहिली. बघू दे.

खाली आले. आ.बा.नी विचारलं, "फिरवली?"

"हौ," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्यासारखं हौ म्हटलं असेन.

"बरं केलं." आणि माझ्या सोललेल्या हाताला पदराने पुसलं.

मी रेग्युलेटरला हात लावला. त्यांनी मूठ उघडली नाही. "थांब. दोघंही घरात येऊ दे. मंग पेटव."

"आणि दोघं आले तर?"

"तं मग आपन दोघी हाओच नं," म्हणाल्या. अगदी सहज, भाजी काय करायची विचारल्यासारखं.

पाक कढईत थिजलाय. त्यात बुडालेला चमचा आता निघत नाही. आम्ही दोघी ओसरीत बसलोय. त्यांनी माझा उजवा हात धरलाय, म्हणून वही मांडीवर ठेवून डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय. राजेगावहून इथवर फार वेळ लागत नाही. बैहरहून घाट उतरायचा असतो.

वळणावर गाडीचा आवाज आला आहे. एकच आहे. मोटरसायकल की जीप, अजून कळत नाही. आ.बा. उठून उभ्या राहिल्या आहेत.